टिटवी ऑरेंज

“थांबव, थांबव! नाहीतर रिमोट दे इकडं!”

आमचे हे सोफ्यावरून अर्धे उठले, माझ्याजवळचा रिमोट ओढून घेतला आणि टीव्हीवरचं चित्र जागच्या जागी थिजलं. मी खाली बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. रविवारची दुपार होती. म्हणजे इचलकरंजीत माग बंद आणि आमच्या घरात सिनेमा चालू.

“आता काय सापडलं?”

“सिनेमा कुठल्या सालातला? एकोणऐंशी. पाटीच दाखवली सुरुवातीला. आणि हिरोच्या हातात बाटली कुठली? ही कंपनी तेव्हा देशात होती का? नव्हती! पैसे मोजलेत त्यांनी. नाहीतर इन्स्पेक्टर मढं तपासायला आलाय, तो आधी कोल्ड्रिंक कशाला पिईल?”

हे हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. त्यामुळं नजर तशीच. जुन्या काळातल्या टोळ्यांचे, खुनांचे सिनेमे त्यांना भारी आवडायचे, पण खुनी कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. पानपट्टीच्या फळीवर, हॉटेलच्या टेबलावर, पोलीस चौकीच्या खिडकीत कोल्ड्रिंकची बाटली कुठली ठेवलीय, ते बघायचे. बुचाचा पत्रा, अक्षरांचं वळण, काचेचा रंग. चूक सापडली की लॉटरी लागल्यासारखा चेहरा करायचे. “खुनी कोण ते लेखक ठरवतो,” म्हणायचे, “आणि टेबलावर काय असेल ते कंपनी ठरवते.”

सिनेमा पुढं सुरू झाला. इराण्याच्या हॉटेलात टोळीचा म्होरक्या बसला होता. पांढरी सफारी, काळा चष्मा. पोऱ्यानं त्याच्यासमोर एक नारंगी बाटली आणून ठेवली.

ह्यांनी पुन्हा चित्र थांबवलं. “ही कुठली? ही कधी बघितली नाही. बघ, व्हिलनच्या हातात कुठलीच चालू कंपनी आपली बाटली देत नाही. मग मेलेल्या कंपनीची शोधून आणतात. पण ही अस्सल दिसते हां, बनवलेली नाही.”

मी मान वर केली.

काचेवर पांढऱ्या रंगात पक्षी होता. एक पाय उचललेला, चोच तेवढी लाल. खाली तिरकं लिहिलं होतं : टिटवी.

मांडीवरचं ताट कधी कलंडलं मला कळलं नाही. शेंगा सगळ्या फरशीवर.

“पद्मा? काय झालं ग?”

“टिटवी ऑरेंज,” मी म्हणाले. “अण्णा कामाला होते त्या कारखान्याची.”

“पण तू तर सांगायचीस, त्यांच्या बाटलीवर कागद चिकटवायचे.”

“कागदच चिकटवायचे. ही बाटली बाजारात कधी आलीच नाही.”

ते माझ्याकडं वळले. हातातला रिमोट दाबला गेला आणि चित्र पुढं सरकलं. म्होरक्यानं बाटली टेबलाच्या कडेवर आपटून फोडली आणि समोरच्या माणसाच्या गळ्यात घातली. मागं फळीवर तसल्याच आणखी बाटल्यांची रांग होती. एकीकडं तोंड करून उभ्या असलेल्या टिटव्या.

“बंद करा ते,” मी म्हणाले.

मोठी परदेशी कंपनी देशातून गेली, त्या सुमारास गावोगाव कोल्ड्रिंकचे छोटे कारखाने उगवले. आमच्या जयसिंगपुरात बापूसाहेब आठल्यांनी टिटवी ऑरेंज काढलं. माझे वडील आदगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा, त्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर. बापूसाहेब म्हणजे अण्णांचा देव. “शेठनी मला क्लीनरचा ड्रायव्हर केला,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की शाळेतल्या प्रार्थनेसारखं पाठ होतं.

पुढं बापूसाहेबांनी नवी बाटली करायची ठरवलं. कागद बर्फाच्या पाण्यात सुटून जातो, म्हणून पक्षी काचेवरच रंगवून भाजून घ्यायचा. पुण्याकडच्या काचकारखान्यातून नमुन्याची एक बाटली आली. ती बापूसाहेबांनी अण्णांच्या हातात दिली. “घे, पोरीला दाखव.” महिनाभर ती बाटली आमच्या फडताळात होती. मग आईनं तिच्यात रॉकेल भरून ती चुलीपाशी ठेवली. मी जेवताना त्या पक्ष्याकडं बघत घास गिळायची.

नव्या बाटल्यांचा पहिला ट्रक आणायला अण्णा गेले, आणि परत आले ते रिकामा ट्रक घेऊन. त्यांचं म्हणणं असं, की कराडच्या नाक्यावर बापूसाहेबांचे मेहुणे मुकुंदराव देशिंगकर भेटले. कारखान्याची सगळी व्यवस्था तेच बघायचे. ते म्हणाले, माल इथंच उतरव, शेठनी सांगितलंय. अण्णांनी उतरवला. मुकुंदराव म्हणाले, मी त्या दिवशी कराडात नव्हतोच.

पोलीस घरी आले. डबे उपडे केले, गाद्या उसवल्या आणि चुलीपाशी त्यांना ती बाटली सापडली. हवालदारानं रॉकेल मोरीत ओतलं, बाटली उंच धरली आणि दारात जमलेल्या गल्लीला दाखवली. “हे बघा. मुद्देमाल.”

आई म्हणाली, ती नमुन्याची आहे. हवालदार म्हणाला, “सगळे चोर असंच म्हणतात, बाई.”

अण्णांना चौकीत मारलं. बापूसाहेब त्यांना एकदा भेटायला आले आणि नंतर पुराव्याअभावी अण्णा सुटले. पण सुटले म्हणजे काय, नुसते बाहेर आले. मुकुंदरावांचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. ट्रकवर कोणी घेईना. कारखाना वर्षभरात बंद पडला, बापूसाहेब पुण्याला गेले आणि तिकडंच वारले. ज्यांची नोकरी गेली त्यांनीही बोट अण्णांकडंच दाखवलं : ह्यानं बाटल्या खाल्ल्या आणि कारखाना बुडाला. शाळेत मला पोरी “टिटवी” म्हणायच्या. एक पाय उचलून, मान वाकडी करून दाखवायच्या. अण्णा हातगाडी ओढायला लागले. घरात बोलणं कमी झालं. जे होतं ते माझ्यामार्फत चालायचं. “तुझ्या अण्णांना म्हणावं पाणी तापलंय.” “तुझ्या आईला सांग, मी जेवून आलोय.” घरोघरी असंच असतं असं मला वाटायचं. मी कॉलेजला जायच्या आधीच अण्णा गेले.

आणि आता त्या बाटल्या सिनेमात रांगेनं उभ्या होत्या. एकही कधी भरली गेली नव्हती, एकही विकली गेली नव्हती. मग आल्या कुठून?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शाळेला दांडी मारली. सिनेमाच्या शेवटी भराभर वर सरकणारी नावं थांबवत थांबवत त्यांनी एक नाव काढलं. जुन्या वस्तू पुरवणारं पुण्यातलं दुकान. फोन मी लावला. दुकानदार रफिकभाई. माणूस बोलघेवडा, आणि बाटल्यांचा विषय काढल्यावर तर खुललाच.

“अहो ताई, नशीब लागतं असला माल मिळायला! गोठाभर होत्या. पेंढ्यात गुंडाळलेल्या, कोऱ्या करकरीत. कराडजवळ एका बंगल्याचा जुना गोठा पाडत होते. मालकाच्या नातीनं फोटो पाठवला, मी टेम्पोच घेऊन गेलो. तुम्हाला पाहिजेत का? आहेत थोड्या.”

“मालकाचं नाव काय?”

“देशिंगकर. का हो?”

मी फोन ठेवला. रडू नाही आलं. अंगात काहीतरी पेटत गेलं, पायापासून वर. हे म्हणाले, आपण वकिलाला विचारू. मी म्हणाले, मला वकील नको, गाडी काढा.

बंगला नव्यानं रंगवलेला. पोर्चमध्ये झोपाळा आणि त्यावर मुकुंदराव. ऐंशीच्या पुढचे. धुतलेलं धोतर, हातात काठी, समोर चहाचा कप. गावात त्यांना दादासाहेब म्हणतात, असं वाटेत पत्ता विचारताना कळलं होतं. दोन शाळांचे विश्वस्त. जवळ त्यांची नात उभी होती. पंचविशीची, केस कापलेले, हसरी. तिचं नाव ऋता.

“रफिकभाईंकडून आलात?” बाटल्यांचं नाव काढताच ती म्हणाली. “सिनेमा बघितलात ना? मी तर मैत्रिणींना दाखवत सुटलेय, आमच्या गोठ्यातल्या बाटल्या म्हणून!”

“मी आदगोंडा मगदूमची मुलगी,” मी म्हाताऱ्याकडं बघून म्हणाले.

कप बशीत ठेवताना वाजला. तेवढंच.

“कोण आदगोंडा?” मुकुंदराव म्हणाले.

“तुमच्या मेहुण्यांचा ड्रायव्हर. तुम्ही नाक्यावर भेटलाच नव्हता, तो. ज्या बाटल्या तुम्ही बघितल्याच नव्हत्या, त्या तुमच्या गोठ्यात निघाल्या. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी गाईचं दूध काढत होता तुम्ही, आणि माझा बाप गल्लीत मान खाली घालून गाडी ओढत होता!”

“आवाज खाली करा. हे घर आहे.”

“आमचं पण घरच होतं!” मी ओरडले. “तिथं हवालदारानं बाटली नाचवून दाखवली दारात! माझ्या बापाच्या पायाच्या तळव्याला चप्पल सोसत नव्हती चार महिने. आवाज खाली म्हणे!”

ह्यांनी माझा दंड धरला. मी झटकला. ऋता एकदा माझ्याकडं, एकदा आजोबांकडं बघत होती.

“आजोबा? त्या बाटल्या बापूआजोबांनी ठेवायला दिल्या होत्या, असं म्हणालात ना तुम्ही?”

“त्यांनीच,” म्हातारा म्हणाला. काठीच्या मुठीवरून त्यानं अंगठा फिरवला. मग बोलायला लागला तो तिच्याशी, माझ्याशी नाही.

“कारखाना बुडालाच होता. दाजींनी ठरवलं, एक ट्रक माल चोरीला गेला म्हणून दाखवायचा. विमा मिळाला की बाकीची देणी भागतील. माल माझ्याकडं उतरवायचा, नंतर फोडून टाकायचा. पण एवढी काच फोडायची म्हणजे केवढा आवाज. मग राहून गेलं. पक्षी असा भाजून बसवलेला, की दुसऱ्या कुणाला विकताही येईना.”

“आणि अण्णा?” मी विचारलं. “त्यांचं नाव कुणी काढलं?”

“दाजींनीच. म्हणाले, आदगोंडाला पाठवा. तो माझ्याविरुद्ध एक शब्द काढणार नाही.”

मागं खांब होता, त्याला टेकले.

“चौकीत त्यानं माझं नाव सांगितलं होतं,” मुकुंदराव म्हणाले. “म्हणून दाजी स्वतः गेले भेटायला. त्याला सगळं सांगून टाकलं. म्हणाले, तू बोललास तर विमा जाईल, कारखाना जाईल, सगळ्यांच्या चुली विझतील. थोडे दिवस गप्प बस, मी तुला सोडवतो, पुन्हा उभा करतो. त्यानं शब्द दिला. पाळला. दाजी गेल्यावरही पाळला. मला खरं तर आश्चर्यच वाटायचं.”

आश्चर्य! हा शब्द मला आजही ऐकवत नाही. म्हाताऱ्यानं तो असा उच्चारला, जणू गोठ्यातली गाय न बांधताही पळून गेली नाही, एवढीच गोष्ट असावी.

“चला,” मी म्हणाले.

“कुठं?”

“जयसिंगपूरला. माझी आई त्याच गल्लीत आहे, त्याच घरात. तिच्यासमोर बोला हे.”

“ह्या वयात मला प्रवास झेपत नाही. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, आपण काहीतरी...”

“आजोबा,” ऋता मध्येच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “मी गाडी काढते. तुम्ही चपला घाला.”

“अग, तुला यातलं काय...”

“चपला घाला, आजोबा.”

तिन्हीसांजेच्या आधी आम्ही गल्लीत पोहोचलो. अजून ऊन होतं. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं लगेच ओळखलं. उठली नाही.

मुकुंदराव तिच्यासमोर काठीवर भार टाकून उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. झरझर, खालच्या आवाजात, देवळात चुकीचा मंत्र म्हटल्यासारखं. ट्रकातला माल आम्हीच लपवला. मगदूम निर्दोष होता. त्याला माहीत होतं, पण तो बोलला नाही.

आई ऐकत होती. सुपातल्या तांदळावरून तिचा हात फिरत होता, पण खडा काही निघत नव्हता.

“त्यांना माहीत होतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला त्यांनी नाही सांगितलं.”

“शब्द दिला होता त्यानं.”

आईनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली. मला वाटलं, आता रडेल. मी पुढं झाले. तिनं मला हातानंच थांबवलं.

“समोरच्या घरात पारिसाची आई आहे,” ती मुकुंदरावांना म्हणाली. “पोलीस आले तेव्हा ती ह्याच दारात उभी होती. तिला सांगा.”

“आक्का, मी तुम्हाला सांगितलं ना...”

“तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोलायला लागेल.”

आणि तो गेला. काय करणार? ऋता त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि आई मागं. पारिसाच्या आईनं कानाला हात लावला. “आं? कोण?” मुकुंदरावांना ओरडून सांगावं लागलं. माल! आम्ही! लपवला! मगदूम चोर नव्हता! पारिसाच्या आईनं तोंडावर हात ठेवला आणि ती आईकडं वळली. “अरे देवा. आणि आम्ही त्याला मुलाच्या लग्नात बोलावलं नाही ग, सुशीला.”

“पुढच्या घरी,” आई म्हणाली.

पुढं शिंप्याचं घर. शिंपी गेलेला, त्याचा मुलगा बाहेर आला. त्यानं शाळेत असताना आमच्या दारावर खडूनं पक्षी काढला होता. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या पुढच्या घरी मगदुमांचंच भावकीतलं कुटुंब. अण्णांच्या मयताला खांदा द्यायला ते आले नव्हते. तिथं मुकुंदरावांचा आवाज फाटला. ऋतानं पाण्याची बाटली पुढं केली. आई थांबली, त्याला पिऊ दिलं आणि मग म्हणाली, “हं. सांगा.”

त्याच्या पलीकडं भाड्यानं राहणारं एक जोडपं होतं, मागावर काम करणारं, बिहारकडचं. ते नवीन आलेले. त्यांना मगदूम कोण, टिटवी काय, काही ठाऊक नव्हतं. हे हळूच म्हणाले, “आई, ह्यांना कशाला?”

“त्यांना हिंदीत सांगा,” आई मुकुंदरावांना म्हणाली.

त्यानं हिंदीत सांगितलं. तो पोरगा बिचारा हात जोडून उभा राहिला. बायको आतून खुर्ची घेऊन आली, म्हाताऱ्याला बसायला. आईनं त्याला बसू दिलं नाही.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. प्रत्येक दारात बरं वाटत होतं. त्याचे पाय लटपटत होते, धोतराच्या सोग्याला गल्लीतली धूळ लागली होती, आणि मला वाटत होतं, ही गल्ली आणखी लांब हवी होती. ऋता रडत होती. पण तिनं एकदाही “पुरे” म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते, तर मला ते जमलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

गल्ली संपली. आम्ही वळून परत घराशी आलो. मागं पोरंटोरं, बायका, सायकल हातात धरलेली माणसं. मुकुंदराव गाडीच्या दाराकडं वळले.

आई उंबरा ओलांडून आत गेली. मला वाटलं, झालं. पण ती वळली. दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला, घरात परका माणूस आल्यावर घ्यावा तसा.

“आता इथं,” ती म्हणाली.

मुकुंदराव थांबले. “आक्का, सगळ्यात आधी तुम्हालाच सांगितलं.”

“मघाशी तुम्ही हिच्या आईला सांगितलं,” आईनं माझ्याकडं बोट केलं. “ह्या घरात आणखी एक बाई होती. तिच्या चुलीपाशी बाटली सापडली. नमुन्याची आहे म्हणून तिनं हवालदाराला सांगितलं, पण रात्रभर विचार करून तिनं हवालदाराचंच खरं धरलं. ते सुटून आले, तेव्हा तिनं त्यांना विचारलं नाही. ताट वाढलं, पाणी तापवलं, पण ते मरेपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. सगळी गल्ली नंतर. पहिल्यांदा त्यांना चोर तिनं म्हटलं.” तिनं दाराची चौकट धरली. “तिला सांगा.”

मी आईकडं बघत होते. “तुझ्या अण्णांना म्हणावं पाणी तापलंय.”

मुकुंदराव दारापाशी आले. ओठ हलले. आवाज फारसा उरलाच नव्हता. माझ्यापर्यंत आला तो तेवढाच, की मगदूम चोर नव्हता.

आईनं मान पुढं काढली.

“ऐकू आलं नाही,” ती म्हणाली.